रविवारचं आमंत्रण

प्रश्न : टोंगात नुकुआलोफाला एका कुटुंबाने रविवारी जेवायला बोलावलं आहे. आम्ही शाकाहारी आहोत. काय जपावं?

उत्तर : आमंत्रण जरूर स्वीकारा, रविवारचं जेवण हा तिथल्या घराचा सर्वांत मोठा मान असतो. शाकाहारी असल्याचं मात्र आधीच सांगा. पानात मुख्य पदार्थ असतो 'लू' : अळूच्या पानांत नारळाचं दाट दूध, कांदा आणि बहुधा डब्यातलं गोमांस घालून पुरचुंडी बांधायची आणि 'उमू'त, म्हणजे जमिनीत खणलेल्या भट्टीत, तापल्या दगडांवर शिजवायची. मांसाशिवायही ती उत्तम होते. सकाळी भट्टी लावून मंडळी चर्चला जातात. तुम्हीही जा, तिथलं समूहगायन ऐकायलाच हवं. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. यजमानांच्या कमरेची विणलेली चटई, 'ताओवाला', हा आदराचा पोशाख आहे. ती कुतूहलाने ओढून पाहू नका. पाहुण्यांना आधी वाढतात, संकोच न करता बसा. जेवणाआधी प्रार्थना होते, तोवर थांबा. रविवारी दुकानं कायद्यानेच बंद असतात, म्हणून भेटवस्तू शनिवारीच घेऊन ठेवा.