कळलावी : औषधी, पण विषारी रानवेल

महाड व पोलादपूर तालुक्यांत मृगाचा पाऊस पडला की बांधावर, कुंपणात व डोंगरउतारावरील झुडपांत कळलावीचे वेल वर येतात. श्रावण-भाद्रपदात पिवळ्या-लाल, आगीच्या ज्वाळेसारख्या फुलांनी ते लक्ष वेधून घेतात. कोकणात ही फुले गौरीपूजनातही वापरतात. या वनस्पतीचे औषधी महत्त्व मोठे असले तरी ती अत्यंत विषारी आहे, हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असणे जरूरीचे आहे.

ओळख : शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. संस्कृतमध्ये हिला लांगली व अग्निशिखा म्हणतात. पानाचे टोक तणाव्यासारखे वळलेले असून त्याच्या आधाराने वेल चढतो. फुलाला नागमोडी कडांच्या सहा पाकळ्या असतात. कंद नांगराच्या आकाराचा असतो. पावसाळ्यानंतर वेल वाळतो, मात्र कंद जमिनीत जिवंत राहतो. काही ठिकाणी हिला खड्यानाग किंवा बचनागही म्हणतात. परंतु हिमालयातील खरा बचनाग वेगळा आहे.

पारंपरिक उपयोग : बाळंतपणात कळा लवकर याव्यात म्हणून कंद उगाळून बेंबीभोवती व तळपायाला लेप लावण्याची जुनी रीत आहे. त्यावरूनच ‘कळलावी’ हे नाव पडले. विंचूदंशावर व सांध्यांच्या सुजेवर कंदाचा लेप, तसेच उवांसाठी पानांचा रस वापरीत. आयुर्वेदात हिची गणना उपविषात होते व शुद्धी केल्याशिवाय ती औषधात घेत नाहीत.

विषबाधा : सर्व भागांत, विशेषतः कंद व बियांत, कोल्चिसिन असते. वातरक्तावर डॉक्टर हेच द्रव्य अल्प मात्रेत देतात. परंतु औषधी व घातक मात्रेत फारच थोडे अंतर आहे. चुकून कंद खाल्ल्यास काही तासांतच घशात जळजळ, उलट्या व जुलाब सुरू होतात. पुढे रक्तदाब घसरून मृत्यूही येऊ शकतो. उलट्या थांबल्या म्हणजे धोका टळला असे समजू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्णास ताबडतोब रुग्णालयात न्यावे व खाल्लेला कंद सोबत न्यावा. बाळंतपणही रुग्णालयातच करावे.

करांदे किंवा इतर रानकंद खणताना वेल ओळखता येत नसेल तर कंद घरी आणू नये. कळलावीचे कंद रताळी-कोनफळांजवळ ठेवू नयेत. पोटात घेण्याचे घरगुती प्रयोग टाळावेत.

लागवड : तामिळनाडूत बियांसाठी हिची शेती होते. तेथे वेलांना आधार देतात व चांगल्या बीधारणेसाठी सकाळी हाताने परागीकरण करतात. बियांपासून फुले येण्यास काही वर्षे लागतात, म्हणून कंदच लावतात. कंदाच्या टोकावरील डोळा मोडल्यास तो उगवत नाही. पाणी साचल्यास कंद कुजतात. त्यामुळे आपल्याकडील मुसळधार पावसात उताराची, उत्तम निचऱ्याची जमीनच निवडावी. खरेदीदाराची खात्री केल्याशिवाय मोठे क्षेत्र घेऊ नये.

जंगलातील कंद सरसकट खणून विकल्यास ही वेल आपल्या डोंगरातून नाहीशी होईल. शेतकरी बंधू-भगिनींनी बांधावरील वेल राखावी, मुलांना ती दाखवून ओळख करून द्यावी आणि तिच्या विषापासून घर सांभाळावे.