अनावर अतिभक्षण आणि स्थौल्यशस्त्रकर्म : रुग्णास सल्ला कसा द्यावा?

‘पोट लहान केले तर माझी खाण्याची हाव जाईल का?’ असा प्रश्न घेऊन स्थौल्याचे रुग्ण आता वैद्याकडेही येतात. या प्रश्नास एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण वजन कमी करणे आणि अनावर खाणे थांबविणे ही दोन भिन्न साध्ये आहेत. त्यांतील भेद रुग्णास समजावून देणे हे आपले कर्तव्य आहे.

निदान

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २१ व्या अध्यायात अतिस्थूलाचे आठ दोष सांगितले आहेत. अतिक्षुधा व अतितृषा हे त्यांपैकीच. मेदाने मार्ग आवृत झाल्याने वायू कोष्ठात विशेषत्वाने संचार करतो व अग्नी प्रदीप्त करतो. त्यामुळे अन्न शीघ्र पचून पुन्हा आहाराची इच्छा होते. ही शरीराची भूक होय.

परंतु भूक नसताना, मन उद्विग्न असताना, एकट्याने घाईघाईने पोट दुखेपर्यंत खाणे आणि नंतर स्वतःची घृणा वाटणे, हे चित्र वेगळे आहे. स्टंकार्ड या अमेरिकन मानसरोगतज्ज्ञाने १९५९ मध्ये त्याचे वर्णन केले आणि २०१३ मध्ये डीएसएम-५ या वर्गीकरणात ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ या नावाने त्यास स्वतंत्र व्याधीचे स्थान मिळाले. खाण्यावरील ताबा सुटण्याचे असे प्रसंग सरासरी आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने घडणे हा त्याचा निकष आहे. आपल्या परिभाषेत येथे प्रज्ञापराध व मनोदोष यांचा विचार प्रधान ठरतो.

खाल्ल्यावर मुद्दाम ओकारी काढणे किंवा रेचक चूर्णे घेणे होते का, हे एकांतात व सौम्य शब्दांत अवश्य विचारावे. तसे असल्यास व्याधी निराळा असतो आणि तो आटोक्यात येईपर्यंत शस्त्रकर्म सामान्यतः टाळले जाते.

शस्त्रकर्माने काय साधते?

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत आमाशयाचा सुमारे तीनचतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढला जातो. गॅस्ट्रिक बायपासमध्ये आमाशयाची लहानशी पिशवी करून ती पुढील लघ्वंत्रास जोडतात. आहाराची मात्रा घटते, आंत्रातील संप्रेरके बदलतात. स्लीव्हनंतर भूक वाढविणारे घ्रेलिनही कमी होते. मधुमेहासारख्या व्याधींतही बऱ्याच रुग्णांना मोठा लाभ होतो. पहिल्या काही महिन्यांत अतिभक्षणाचे प्रसंगही पुष्कळदा थांबतात.

मात्र दुःख किंवा एकाकीपण शमविण्यासाठी खाण्याची सवय शस्त्राने छेदली जात नाही. एका बैठकीत भरपूर खाणे अशक्य झाले, तरी दिवसभर थोडे थोडे फरसाण, मिठाई, आइस्क्रीम वा गोड पेये घेणे शक्य असते. हे अध्यशनच होय. शस्त्रकर्मानंतर ताबा सुटल्याची भावना परत आली, तर वजन कमी उतरण्याची वा पुन्हा वाढण्याची शक्यता अधिक असते. काही रुग्णांत, विशेषतः बायपासनंतर, मद्याचे व्यसन जडण्याचा धोका वाढतो.

निर्णय

१९९१ च्या अमेरिकन निकषांनुसार बीएमआय ४० किंवा सहव्याधींसह ३५ ही मर्यादा होती. २०२२ मध्ये दोन शल्यसंघटनांनी ती ३५, चयापचयाचे विकार असल्यास ३० अशी सुचविली. आशियाई रुग्णांसाठी २७.५ पासून विचार करावा असे म्हटले. तथापि आकड्याबरोबर पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. रुग्णास वजनाची चिंता आहे की ताबा सुटण्याची, की दोहोंची?
२. अतिभक्षणावर मानसोपचार झाला आहे का? संज्ञानात्मक वर्तन उपचार त्यात उपयुक्त ठरला आहे.
३. तीव्र नैराश्य, आत्मघाताचे विचार अथवा मद्यासक्ती आहे का? असल्यास प्रथम मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.
४. आजन्म तपासण्या व जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम घेण्याची तयारी आहे का? घरच्यांची साथ आहे का?

अतिभक्षणाचा विकार आहे एवढ्यावरून रुग्णास शस्त्रकर्म नाकारू नये. पण हाव जाईल या एकाच आशेवर त्यास संमती देऊ देणेही योग्य नव्हे. वजनाने जीव धोक्यात असेल तर शस्त्रकर्म आणि मनाचा उपचार दोन्ही हवेत. केवळ ताबा सुटण्याचे दुःख असेल तर मनाचा उपचार प्रथम.

वैद्याचे कार्य

सत्त्वावजय, नियत भोजनकाळ, निद्रा, झेपेल असा व्यायाम आणि गुरु व अपतर्पण गुणांचा आहार ही आपली साधने होत. काय, केव्हा व कोणत्या मनःस्थितीत खाल्ले याची नोंद रुग्णास ठेवावयास सांगावी. त्यास दोष देऊ नये; लज्जा वाढली की लपून खाणेही वाढते.

शस्त्रकर्म झालेल्या रुग्णास शल्यतज्ज्ञाच्या विचाराविना वमन-विरेचन देऊ नये. त्यास वारंवार उलट्या होत असतील तर पित्तप्रकोप समजून थांबू नये. जीवनसत्त्व ब-१ च्या अभावाने मेंदूस इजा होऊ शकते. अशा रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

शस्त्राने आमाशय लहान होते. मात्राज्ञान मात्र रुग्णास शिकावेच लागते. ते शिकविण्यास आपण शस्त्रकर्मापूर्वी आणि नंतरही त्याच्या सोबत असावे, असे आम्हास वाटते.