मुलाला कोठे ठेवावे?

(अभ्यासपाठ. शास्त्रभाग : मार्क ९:१४-२९)

मलकपेठेतील एका घरी आम्ही भेटीस गेलो, तेव्हा दाराशी एक भरलेली बॅग होती. सतरा वर्षांचा मुलगा आठ महिने कॉलेजला गेला नव्हता. रात्रभर जागायचा, दिवसा खोली बंद. वडिलांनी शहराबाहेरचे एक ‘सुधारगृह’ ठरविले होते. मुलाला मात्र मावशीकडे लग्नाला जायचे आहे, असे सांगितले होते. त्यांनी आम्हांला एवढेच विचारले की, जागा बरी आहे ना? खरे सांगायचे तर, याआधी दोनदा ‘हवापालट करा’ यापलीकडे सल्ला आम्हीही दिला नव्हता.

शास्त्रभागातील बाप असाच थकून आला होता. शिष्यांना काही करता आले नाही. वाद मात्र चालला होता. प्रभूने मुलाला समोर आणविले आणि बापाला विचारले, हे केव्हापासून होत आहे? मुलाच्या पाठीमागे काही ठरले नाही, आणि उपायाआधी चौकशी झाली. (यावरून आपल्या मुलाला भूत लागले, असे कोणी समजू नये. त्या समजुतीने पुष्कळ घरांत उपचाराला उशीर होतो.)

तेव्हा जागेआधी तपासणी. एर्रगड्डा येथील सरकारी मानसिक रुग्णालय मलकपेठेहून मेट्रोच्या एकाच मार्गावर आहे. गाडी बदलावी लागत नाही. सरकारचा टेली-मानस क्रमांक १४४१६ हा २०२२ पासून चालू आहे. पुष्कळ मुलांना घरी राहूनच उपचार पुरतात.

ठेवावेच लागले, तर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा पालकांनी माहीत करून घ्यावा. संस्थेची नोंदणी हवी. अठरा वर्षांखालील मुलाला एका मानसोपचारतज्ज्ञाच्या शब्दावर ठेवता येत नाही. दुसऱ्या जाणकारानेही त्याला स्वतंत्र तपासावे लागते. त्याला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते, आणि पालक किंवा त्यांनी नेमलेले माणूस सोबत राहते. ‘तीन महिने भेटायचे नाही’ असे सांगणाऱ्या दारातून परत फिरावे. साखळीने बांधणे हा तर गुन्हाच आहे. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खाजगी आश्रमाला आग लागली, तेव्हा बांधलेले पंचवीसहून अधिक रुग्ण पळू न शकल्याने मेले. त्यांनाही घरच्यांनीच बरे होण्यासाठी आणून सोडले होते.

अमेरिकेतील नातेवाईक कधी कधी रानातील शिबिरांची माहिती पाठवितात. तिकडच्या अशा एका शिबिरात फेब्रुवारी २०२४ मध्ये बारा वर्षांचा मुलगा पहिल्याच रात्रीनंतर मृत आढळला. डोंगर, नदी चांगलीच. पण डॉक्टरची जागा ती घेत नाहीत.

व्यसनाचा प्रश्न असेल, तर पुण्याचे मुक्तांगण मराठी घरांना परिचित आहे. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केले. आधी फोन करून मुलाचे वय सांगावे व घेतात का ते विचारावे. आणखी एक. आपली हैदराबादची मुले घरी मराठी बोलतात, मित्रांत तेलुगू किंवा दखनी. डॉक्टरांपुढे मन कोणत्या भाषेत मोकळे होईल, हे मुलालाच विचारावे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी अशा मुलाचे नाव हजेरीतून काढू नये, आणि तो परत आल्यावर वर्गासमोर साक्ष द्यायलाही लावू नये.

त्या दिवशी वडिलांनी मुलाच्या दारावर टकटक करून लग्नाची गोष्ट खोटी असल्याचे सांगितले. बराच वेळ आतून उत्तर आले नाही. मग त्याने विचारले, “तुम्ही पण येणार का?” सोमवारी दोघे मिळून एर्रगड्ड्याला गेले.