आधी ग्राफिक्स चिप विचारा

देणगीत आलेल्या जुन्या संगणकांवर लिनक्स बसवून ते गावच्या अभ्यासिकेला द्यायचं काम मी हौसेनं करतो. देणारे रॅम, डिस्क, प्रोसेसर सगळं सांगतात. ग्राफिक्स चिपचं नाव कुणी काढत नाही. खरी गोम मात्र तिथेच असते.

अशाच एका मशीनचं कार्ड कंपनीच्या बंदिस्त ड्रायव्हरवर झकास चालायचं. पुढे कंपनीनं त्या पिढीकडे पाठ फिरवली आणि नव्या कर्नलवर तो ड्रायव्हर कंपाइलच होईना. मुक्त ड्रायव्हर टाकल्यावर स्क्रीन उजळली, पण कार्ड सुरुवातीच्या मंद गतीवरच अडकलं. ऐन परीक्षेच्या तोंडावर मुलांना व्याख्यानांचे व्हिडिओ नीट बघता येईनात.

यात मुक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना बोल लावू नका. एनव्हिडियाच्या कार्डांसाठीचा 'नूव्हो' कसा घडला ते पाहा. हार्डवेअरची कागदपत्रं हाती नव्हती. मग बंदिस्त ड्रायव्हर कार्डाच्या कोणत्या रजिस्टरमध्ये काय लिहितो, काय वाचतो, याची 'एमएमआयओट्रेस'नं नोंद घ्यायची. रेझोल्यूशनसारखी एकच गोष्ट बदलून पुन्हा नोंद घ्यायची आणि दोन्ही ताडून अर्थ लावायचा. अशा चिकाटीतून उभा राहिलेला नूव्हो २०१० मध्ये कर्नल २.६.३३ मध्ये दाखल झाला.

पण २०१४ मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या मॅक्सवेल कार्डांच्या दुसऱ्या पिढीपासून कंपनीची डिजिटल सही असलेलं फर्मवेअर लागू लागलं आणि गती वाढवण्याची वाटच बंद झाली. तिथे हुशारीचा इलाज चालत नाही. ट्युरिंगपासून पुढच्या कार्डांवर जीएसपी नावाचा प्रोसेसर गती बदलण्यासारखी कामं सांभाळतो. त्याच्या आधारानं चालायची सोय नूव्होत कर्नल ६.७ पासून, म्हणजे २०२४ च्या सुरुवातीला आली. पास्कलसारख्या मधल्या पिढ्यांना तिचा उपयोग नाही. याउलट एएमडीनं २००७ पासून रेडिऑनची कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली आणि तिथल्या मुक्त ड्रायव्हरांना भक्कम पाया मिळाला.

म्हणून मशीन घेण्याआधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा. 'एलएसपीसीआय'नं चिपचं नाव आणि चालू असलेला ड्रायव्हर बघा. 'जीएलएक्सइन्फो'मध्ये रेंडरर म्हणून 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं, तर चित्र काढायचा सगळा भार प्रोसेसरवर पडतोय असं समजा. पूर्ण स्क्रीनवर व्हिडिओ लावा, मशीन झोपवून उठवा, प्रोजेक्टर जोडून बघा. कर्नल अपडेट करताना चालणारा जुना कर्नल काढून टाकू नका.

आणि काही बिघडलं, तर 'चालत नाही' एवढंच कळवून थांबू नका. चिपचं नेमकं नाव, कर्नलची आवृत्ती, 'डीमेसेज'ची पूर्ण नोंद आणि शेवटी कोणत्या कर्नलवर नीट चालत होतं, हे सगळं लिहून पाठवा. ड्रायव्हर लिहिणाऱ्याकडे तुमचं कार्ड असेलच असं नाही. कित्येकदा कंपनीनं त्यांना कागद दिलेले नसतात. निदान आपण नोंदी तरी चोख द्याव्यात.