द्रवयंत्रांचें नियमन

माती उकरणारें जें मोठें यंत्र लोक जेसीबी या नांवानें ओळखतात, तें तुम्हीं पाहिलेंच असेल. त्याचा लोखंडी हात तेलाच्या दाबानें हालतो. हें बळ कसें उत्पन्न होतें व ताब्यांत कसें ठेवितात, याचा आपण विचार करूं.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखा पोहोंचतो, हा नियम पास्काल या फ्रेंच शास्त्रज्ञानें सतराव्या शतकांत मांडला. १ चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर १० किलोग्रॅम भार ठेविला, तर १०० चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर १००० किलोग्रॅम तोलले जातात. मात्र लहान दट्ट्या १०० सेंटिमीटर खालीं जाईल, तेव्हां मोठा अवघा १ सेंटिमीटर वर येईल. याच नियमावर जोसेफ ब्रामा यानें १७९५ सालीं इंग्लंडांत आपल्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें.

बळ मिळालें, तरी तें हवें तितकेंच लागावें हें कठीण असतें. तेल तापलें कीं पातळ होतें. त्यांत हवेचे बुडबुडे शिरले कीं तें अधिक दबतें. दट्ट्या झिजला कीं गळती वाढते. शिवाय खोऱ्यांत माती किती येईल, हेंही आधीं कळत नाहीं. यास्तव यंत्र आपला हात कोठें आहे तें मोजतें, कोठें असावा त्याच्याशीं ताडून पाहतें, आणि पडलेल्या फरकाच्या मानानें झडप उघडतें. यांत घाई झाली तर हात थरथरतो. सुस्ती झाली तर मागें पडतो.

या अनिश्चिततेवर दोन उपाय आहेत. पहिला दृढ नियमनाचा: तेल व भार किती बदलूं शकतील याची मर्यादा आधींच धरून, वाईटांत वाईट स्थितींतही यंत्र आवरेल असा बंदोबस्त करणें. दुसरा अनुकूली नियमनाचा: प्रवाहाचा जोर अजमावीत नावाडी जसा वल्हें मारतो, तसें यंत्रानें चालतां चालतां अनुभवानें आपला अंदाज सुधारणें.

दुसरा उपाय एकटा पुरेसा नाहीं, हें १५ नोव्हेंबर १९६७ रोजीं दिसून आलें. एक्स-१५ या अमेरिकन रॉकेटविमानाचें नियमन परिस्थितीप्रमाणें आपला जोर स्वतःच बदलणारें होतें, आणि शेपटीचे पंख तेलाच्या दाबानें हालत. त्या दिवशीं दुसऱ्या कारणांनीं विमान भोंवऱ्यासारखें फिरूं लागलें; त्यांतून तें सुटलेंही. परंतु पुढें नियमनयंत्रानेंच हेलकावे चालू ठेविले. दाट हवेंत उतरतांना जो जोर कमी व्हावयास हवा होता, तो झाला नाहीं. विमान आकाशांतच मोडलें आणि वैमानिक मायकेल ॲडम्स मृत्यू पावला.

१९९० नंतरच्या दशकांत बिन याओ व मासायोशी टोमिझुका यांनीं अमेरिकेंत दोन्ही उपायांची सांगड घातली. यंत्रानें शिकावें, पण त्याचा अंदाज ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊं नये. आणि शिकणें फसलें तरी दृढ भागानें चूक आटोक्यांत ठेवावी, असें तिचें तत्त्व आहे. पुढें ही रीति तेलाच्या दट्ट्यांसही लावण्यांत आली.

घरीं एक प्रयोग करा. सुई नसलेल्या दोन नव्या पिचकाऱ्या नळीनें जोडा व पाण्यानें भरा. एक दाबतांच दुसरी सरकेल. मग थोडी हवा शिरूं द्या, दुसरी बोटानें अडवून पहिली दाबा, आणि काय फरक पडतो तो वहींत टिपून ठेवा. बुडबुडा लहान असला तरी यंत्रचालकास त्याची चिंता कां वाटते, तें तुमच्या बोटांसच कळेल.