आधी थांबणं, मग धावणं

बाबू, तुझ्या बाबांची मारुती ८००, आपली जुनी एमएम ५४० जीप आणि मागची दोनचाकी ट्रॉली, हे सगळं आता तुझ्या हाती येतंय. ठेवायचं की विकायचं ते तू ठरव. ठेवणार असशील तर नीट ठेव. मला जुन्या मिस्त्र्यांनी जे शिकवलं आणि पवनीच्या उन्हापावसात जे खरं ठरलं, ते सांगून ठेवतो.

बॉनेट उघडलं की तुम्ही पोरं आधी इंजिनाकडे धावता. प्लग काढता, कार्ब्युरेटर धुता, आवाज कसा येतो ते ऐकता. मी याच्या उलट करतो. आधी ब्रेक बघतो, मग टायर, मग स्टिअरिंग, मग दिवे. इंजिनाची पाळी सगळ्यांत शेवटी येते. इंजिन बंद पडलं तर गाडी अड्याळच्या रस्त्यावर कडेला उभी राहील आणि तू एसटीनं घरी येशील. ब्रेक गेला तर ती उभीच राहणार नाही. कितीही घाई असली तरी हा क्रम मोडू नकोस.

ब्रेकचं तेल हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्याकडे रोवण्याच्या दिवसांत घरातलं मीठसुद्धा ओलं होतं, मग मास्टर सिलिंडरवरच्या डबीतलं तेल कोरडं कसं राहील? ओलावा शिरला की तेलाला उकळी लवकर येते आणि आतला लोखंडी सिलिंडर गंजतो. उन्हात लांबवर ब्रेक मारत गेलास की तेलात वाफ धरते आणि पेडल खाली बसतं. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलायचं, गाडी चाललेली असो वा नसो. डबीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलेलं असेल तर तेच आणायचं, आणि बंद डब्याचं. उघडून ठेवलेला अर्धा डबा पुढच्या वर्षासाठी राखायचा नाही. इंजिन ऑइल तर त्यात थेंबभरही जाता कामा नये, सगळे रबर फुगतात. किट बदलताना रबर पेट्रोलनं किंवा रॉकेलनं धुवायचे नाहीत, ब्रेकच्याच तेलानं धुवायचे. हे तेल रंगावर सांडलं तर रंग सोलतं, लगेच पाणी मारायचं.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं पेडलवर बसायचं, दुसऱ्यानं चाकाशी. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं चाक. निपलला पारदर्शक नळी लावायची आणि तिचं दुसरं टोक थोडं तेल घातलेल्या बाटलीत बुडवायचं. खालच्यानं म्हणायचं ‘दाब’, वरच्यानं हळू दाबून धरायचं. खालच्यानं निपल अर्धा फेरा सैल करायचा, बुडबुडे जाऊ द्यायचे, पुन्हा घट्ट करायचा आणि मगच म्हणायचं ‘सोड’. वरच्यानं हुकमाआधी पाय उचलला तर हवा परत आत शिरते, सगळं पहिल्यापासून. मध्ये मध्ये डबी भरत राहायची. हे काम करताना गप्पा मारायच्या नाहीत आणि फोन घरात ठेवायचा. ड्रम उघडलास तर आतली धूळ तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं उडवू नकोस. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ते फुप्फुसात गेलं की निघत नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं आणि फडकं टाकून द्यायचं.

गाडीखाली जाण्याचं सांगतो, आणि इथे मी कठोर आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंच काय, हातही घालायचा नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी स्टँड असतात. स्टँड नसतील तर ऐनाचे किंवा सागाचे जाड, सपाट ठोकळे आडवे-उभे रचायचे. विटा कधीच लावायच्या नाहीत, वीट आधी तडकत नाही, एकदम फुटते. घरामागच्या सांदवाडीतली माती पावसाळ्यात भुसभुशीत असते, तेव्हा अंगणातल्या फरशीवरच काम कर. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लाव. काही जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. पाना जोर लावूनही हलत नसेल तर पाइप घालून बोल्ट मोडण्याआधी आटे कुठल्या बाजूचे आहेत ते बघ. नट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे आणि पन्नासेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा.

टायरवर चार आकडे एका चौकटीत कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ८०० कमी चालते, म्हणून तिचे टायर नवे दिसतात आणि आतून म्हातारे झालेले असतात. बाजूला बारीक भेगा दिसल्या की नक्षी कितीही उरली असो, टायर बदल. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची.

आता आपल्या भागाची दुखणी. धान घरी आलं, चुरणा झाला, तणसाचा ढीग लागला की उंदीर गाडीत येतात. एअर फिल्टरच्या डब्यात तणसाचं घरटं करतात आणि वायरी कुरतडतात. गाडी तणसाच्या ढिगापासून लांब उभी कर, आठवड्यातून एकदा बॉनेट उघड. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेच्या दिवसांत पाहुण्यांना आणायला म्हणून महिनाभर उभी गाडी थेट सुरू करू नकोस, आधी फिल्टरचा डबा उघडून बघ.

नवतप्यात पारा पंचेचाळिसावर जातो. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालायची इथे फार सवय आहे. त्यातले क्षार नळ्यांत साचतात आणि दोनतीन उन्हाळ्यांत रेडिएटर आतून चोंदतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, दुसरं काही नाही. ८०० चा पंखा विजेवर चालतो. एप्रिलमध्येच गाडी जागेवर चालू ठेवून तो आपोआप सुरू होतो की नाही ते बघून घे. जीपचा पंखा पट्ट्यावर आहे. पट्टा अंगठ्यानं दाबल्यावर सेंटिमीटरभर झुकला तर ठीक. गाडी उकळलीच तर सावलीत उभी करून थांब. गरम झाकण उघडलंस तर चेहरा भाजेल आणि गरम इंजिनावर गार पाणी ओतलंस तर हेड तडकेल. ८०० चा टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद कुठेच नसेल, तर बदललेला नाही असंच समज.

जीपच्या प्युजो डिझेल इंजिनाबद्दल एवढंच, की त्यानं हवा घेतली की ते मुकाट होतं. टाकी कोरडी पडली किंवा फिल्टर बदलला की हवा शिरते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, फेस जाऊन निव्वळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. सेल्फ मारमारून बॅटरी संपवण्यात अर्थ नाही. थंडीत हीटर प्लगला वेळ दे, मग चावी फिरव.

पुराचं मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेनं भंडारा जिल्ह्यात काय केलं ते तू पाहिलंस. वर मध्य प्रदेशात संजय सरोवराचं पाणी सोडलं, गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडले, आणि त्यांच्या खाली आपण. पाणी ओसरल्यावर लोकांनी चिखल पुसला आणि चावी फिरवली, तिथे कित्येक चांगली इंजिनं गेली. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, पाणी हवेसारखं आकसत नाही. जोर जातो कनेक्टिंग रॉडवर आणि रॉड वाकतो. बुडालेल्या गाडीची चावी फिरवायचीच नाही, नुसतं बघण्यासाठीसुद्धा नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढ. ऑइलची पट्टी ओढून बघ. दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलंय. सगळं ऑइल काढून टाक, गिअरबॉक्सचं आणि मागच्या डिफरन्शियलचंही, लोक ही दोन नेमकी विसरतात. पेट्रोल गाडीचे प्लग आणि जीपचे हीटर प्लग काढून इंजिन हातानं फिरव, पाणी बाहेर येऊ दे. एअर फिल्टर नवा घाल. टाकीच्या तळचं डिझेल काढून बघ, त्यात पाणी खाली बसतं. चाकांचे बेअरिंग उघडून धू आणि नव्यानं ग्रीस भर. ब्रेकचे ड्रम उघडून चिखल काढ. हे सगळं झाल्यावर मग बॅटरी जोड. दोन दिवस जातील, पण इंजिन वाचेल. आणि नदी चढतेय असं कळलं की गाडी आदल्या संध्याकाळीच उंचावर नेऊन ठेव, रात्री अंधारात पाण्यातून काढायची पाळी येऊ देऊ नकोस.

ट्रॉली. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमागे पाव टनाची दोनचाकी ट्रॉली लावत, आणि तीच विलीजची जीप पुढे महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली. आपली ट्रॉली त्याच जातीची, तिचं मापही तेच धर. पाव टन म्हणजे ४० किलोची सहा पोती. धान खरेदी केंद्रावर रांग मोठी असते म्हणून दहा पोती घालण्याचा मोह होईल, तेव्हा दोन खेपा कर. वजन ओढायला जीपला काही वाटणार नाही. थांबवताना वाटेल, कारण ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही आणि तिचं सगळं वजन मागून ढकलतं. समोरच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेव. कालव्याच्या पुलावरून उतरताना वरच गिअर कमी कर. ८०० ला ट्रॉली लावायची नाही, ७९६ सीसीची हलकी गाडी आणि मागचा पातळ पत्रा, तिचं ते काम नव्हे.

पोती रचताना तीन बरोबर ॲक्सलवर, दोन पुढे, एक मागे. दांडीचं टोक जीपच्या हुकवर थोडं वजन टाकत असलं पाहिजे, भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा. घरातल्या वजनकाट्यावर दांडी टेकवून एकदा मोजून बघ म्हणजे अंदाज हातात बसेल. वजन मागे गेलं तर दांडी जीपचं बूड उचलते आणि वेग वाढला की ट्रॉली शेपटीसारखी हलू लागते. तशी हललीच तर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढ, स्टिअरिंग सरळ धर आणि वेग आपोआप उतरू दे. ब्रेक दाबायचा नाही, वेग वाढवून सरळ करायलाही जायचं नाही.

हुकची पिन, तिची क्लिप आणि दोन साखळ्या निघण्याआधी हात लावून तपासायच्या. साखळ्या दांडीखालून एकमेकींना ओलांडून लावायच्या, पिन निसटली तर दांडी रस्त्यात न रुतता त्यांच्यावर पडते. मागच्या दिव्यांची अर्थिंग हुकच्या लोखंडावर सोडायची नाही, वेगळी तार ओढायची. इंडिकेटर मंद लागला की दोष बहुधा तिथेच असतो. पाठीमागे लाल परावर्तक पट्टी हवीच. कऱ्हांडल्याच्या जंगलाच्या बाजूनं रात्री ट्रॉली घेऊन जाऊ नकोस. चितळ किंवा रानडुक्कर आडवं आलं आणि करकचून ब्रेक मारलास तर ट्रॉली जीपला बाजूनं येऊन धडकेल. चाकं घाटावर किंवा कालव्यात पाण्यात गेली असतील तर बेअरिंग उघड. रॉकेलनं धुऊन, वाळवून, ताजं ग्रीस दाबून भर. नट आवळून किंचित सैल कर आणि स्प्लिट पिन दर वेळी नवी घाल. दहा-बारा किलोमीटर चालल्यावर हबला हात लाव. हात ठेववत नसेल तर पुढे जायचं नाही.

रिव्हर्स शिकायला धान निघाल्यावरचं रिकामं खळं चांगलं. हात स्टिअरिंगच्या तळाशी धर, ट्रॉली ज्या बाजूला जायला हवी त्या बाजूला हात सरकव. थोडंथोडंच. ट्रॉली जास्त दुमडली की सोडून दे, पुढे येऊन सरळ हो आणि पुन्हा कर. खाली उतरून बघण्याची लाज बाळगू नकोस.

बंद पडलेली गाडी दोरानं ओढायची वेळ आली तर दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग पंचविसाच्या आत, आणि मागच्या गाडीत लायसन्सवाला माणूस. चावी फिरवलेली ठेव, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन बंद असताना बूस्टरची मदत नसते, ब्रेक दगडासारखा लागतो. हे मागच्याला आधीच सांग.

घरी काय करायचं नाही तेही ऐक. चॅसीला किंवा स्टिअरिंगच्या कुठल्याही भागाला वेल्डिंग, डिझेल पंपाची सेटिंग, आणि ब्रेकचा फुटलेला पाइप क्लिप लावून चालवणं. ही कामं जाणत्या मिस्त्रीकडे, चार पैसे जास्त गेले तरी. आणि काढलेलं जुनं ऑइल नालीत ओतू नकोस. आपली नाली वैनगंगेत जाते आणि ढिवरांची घरं त्या नदीतल्या मासोळीवर चालतात. डब्यात भरून ठेव आणि गॅरेजवाल्याकडे दे.

प्रत्येक कामाची तारीख आणि किलोमीटर वहीत लिही. माझी वही डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे, पुढची पानं तुझी.

कागदांचं शेवटी सांगतो. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत अर्ज घेतात. ट्रॉलीची नोंदणी वेगळी, तिला तिचा स्वतःचा नंबर लागतो. भंडाऱ्याच्या आरटीओत जाशील तेव्हा गाड्यांचे आणि ट्रॉलीचे कागद सोबत ने. त्याआधी, याच आठवड्यात, जीपचं आणि ८०० चं ब्रेकचं तेल बदलून घे. पेडलवर बसायला मी येतो.