शालेय सहल : एका दिवसात किती पाहावे?
(कोल्हापूर शहराच्या उदाहरणाने)



शाळातपासणीच्या निमित्ताने सहलीनंतर मुलांनी लिहिलेले निबंध माझ्या वाचनात येतात. पहाटे निघालो, मंदिर पाहिले, राजवाडा पाहिला, किल्ला पाहिला, रात्री घरी आलो, असा त्यांचा सर्वसाधारण थाट असतो. स्थळांची संख्या आठ-दहा भरते. परंतु मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी टिपलेली एकही गोष्ट त्यात आढळत नाही. हा दोष मुलांचा नव्हे. त्यांना पाहावयास अवधीच मिळालेला नसतो. शेतमजुरी करणाऱ्या पालकाने मोठ्या कष्टाने दिलेल्या वर्गणीचा मोबदला म्हणजे मोटारीतील ओकाऱ्या आणि शिट्टीच्या तालावरची धावपळ एवढाच असेल, तर अशी सहल न काढलेली बरी.

आपल्या बऱ्याच शाळा कोल्हापुरास जातात. म्हणून तेच शहर घेऊन निवांत दिवसाची आखणी कशी करावी ते पाहू.

आखणीचा आरंभ वगळण्यापासून करावा. नवा राजवाडा, पन्हाळा, जोतिबा ही सर्व स्थळे पाहण्याजोगी आहेत. पण ती पुढील वर्षासाठी ठेवावीत. अंबाबाईच्या दर्शनाचा पालकांचा आग्रह असतो, तो मोडू नये. मात्र शुक्रवार व सुट्टीचा दिवस टाळून सकाळी प्रथम दर्शन उरकावे. अन्यथा रांगेतच निम्मा दिवस सरतो. शासकीय संग्रहालये सामान्यतः सोमवारी बंद असतात. तेव्हा दिवस निश्चित करण्यापूर्वी पत्राने विचारणा करावी व शक्य तर एका शिक्षकाने आधी जाऊन सर्व पाहून यावे.

दर्शनानंतर टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात जावे. चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८७२ ते १८७६ या काळात ही इमारत उभी राहिली. संग्रहालयाची स्थापना १९४६ सालची. जवळच पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तेथे १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या वतीने उत्खनन झाले, आणि सातवाहनकालीन नगराचे अवशेष उजेडात आले. त्याच टेकडीवर मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची लहानशी कांस्यमूर्ती या संग्रहात प्रसिद्ध आहे. येथे व्याख्यान देऊ नये. केवळ विचारावे, “समुद्र येथून किती दूर? मध्ये कोणता डोंगर? मग समुद्राचा परदेशी देव पंचगंगेच्या काठी कसा पोचला?” मुलांना कोकणातील बंदरे, घाटवाटा, बैलांचे तांडे आपोआप सुचू लागतात. चौथी-पाचवीच्या वर्गास इतिहास व भूगोल यांची सांगड घालून देणारा याहून सुटसुटीत पाठ मला ठाऊक नाही.

यानंतर चित्रांकडे वळावे. आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) हे कोल्हापूरच्या चित्रकलेतील आद्य व थोर नाव. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते कोल्हापुरास परतले आणि कोटितीर्थ, रंकाळा या तळ्यांच्या परिसराची त्यांनी असंख्य चित्रे काढली. बाबूराव पेंटर (१८९० ते १९५४) यांना लोक चित्रपटांमुळे ओळखतात. ते मुळात चित्रकार व शिल्पकार होते, हे मुलांना सांगावे. सर्व दालनांतून मुलांची रांग फिरवीत नेण्याऐवजी दहा-दहांचे गट करावेत आणि प्रत्येक गटास एकाच निसर्गचित्रासमोर पाच मिनिटे निःशब्द उभे करावे. नंतर प्रश्न विचारावेत. उजेड कोणत्या बाजूने येतो आहे? ही वेळ सकाळची की सांजेची? पाणी निळ्या रंगाशिवाय आणखी कोणत्या रंगांनी दाखविले आहे? “चित्र किती सुंदर आहे, नाही?” हा प्रश्न कटाक्षाने टाळावा, कारण त्यास “हो” याखेरीज उत्तर नाही. चित्रांखालील पाट्या उतरवून घेण्याचे कामही देऊ नये. मुले मग पाट्याच पाहतात.

दुपारी टाऊन हॉलच्या बागेत झाडांखाली शिदोऱ्या सोडाव्यात. भाकरी-चटणी घरचीच असावी. तिच्या जोडीस शहराचा एक पदार्थ सर्वांनी मिळून चाखावा. कोल्हापुरात तो अर्थात मिसळ. मोड आलेल्या मटकीची उसळ, वर फरसाण, कांदा, लिंबू, आणि कांदा-लसणाच्या मसाल्याचा झणझणीत रस्सा. त्यास तेथे ‘कट’ म्हणतात. सोबत पावाचे काप. खानावळवाल्यास आगाऊ संख्या कळवून कट निराळा वाढावयास सांगावे, म्हणजे लहानांचे हाल होत नाहीत. या पानातील कोणकोणते जिन्नस आपल्या शिवारात पिकतात, असे विचारताच एरवी मागे बसणारी मुलेही पुढे सरसावतील.

येथे एक बाब आग्रहाने सांगावीशी वाटते. सहलीत खाऊसाठी मुलांस घरून पैसे आणू देऊ नयेत. काही मुले विकत घेतात आणि काही त्यांच्या तोंडाकडे पाहत उभी राहतात, हे दृश्य अनेक सहलींत दिसते, आणि पाहणारे मूल ते जन्मभर विसरत नाही. वर्गणीतूनच खाऊचा खर्च धरावा व सर्वांना सारखे द्यावे. वर्गणी न देऊ शकणारी मुले कोण, हे मुख्याध्यापकांपलीकडे कोणास कळू नये.

उन्हे कलल्यावर रंकाळ्यास जावे. काठच्या पद्माराजे बागेत मुलांना तासभर मोकळे खेळू द्यावे; हा तास वाया गेला असे समजू नये. पाण्याच्या कडेला मात्र दोन्ही टोकांस एकेक शिक्षक हवाच. मग सर्वांनी काठावर बसावे. सकाळी चित्रात पाहिलेले पाणी आता समोर असते. “आबालाल येथे बसले असते तर आता कोणता रंग घेतला असता?” एवढाच प्रश्न पुरे. कागद व रंगीत खडू बरोबर असल्यास वीस मिनिटे चित्रे काढू द्यावीत, पण ती दुरुस्त करू नयेत. नंतर तेथील चौपाटीवरची भेळ थोडी थोडी वाटून द्यावी व दिवेलागणीपूर्वी गाडी गावाकडे वळवावी.

दुसऱ्या दिवशी ‘आमची सहल’ हा विषय फळ्यावर लिहू नये. “काल पाहिलेल्या एकाच वस्तूविषयी दहा ओळी लिहा” असे सांगावे. वह्या व चित्रे जपून ठेवावीत. पुढील भेटीच्या वेळी ती मला अवश्य दाखवावीत.